चिकातली लस

पुण्या-मुंबईच्या डेअऱ्यांत खरवसाची वडी आता बारा महिने मिळते. गूळ की साखर, वेलची की जायफळ, यावर घरोघर ठाम मतं आहेत. चीक वाफवला की थिजतो आणि साधं दूध थिजत नाही, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. साध्या दुधात तीन-साडेतीन टक्के प्रथिनं असतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या धारेत ती चौदा टक्क्यांच्या आसपास असतात, आणि त्यांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो. गाईच्या शरीराने आजवर ज्या ज्या रोगजंतूंना तोंड दिलं, त्यांच्याविरुद्धचं हे तयार बळ. साठ अंशांच्या वर ताप गेला की ते निकामी व्हायला लागतं. वडीत चव उरते. वासराच्या कामाचा ऐवज वाफेवरच संपलेला असतो.

म्हणून खरवसावर राग धरायचं कारण नाही. चांगली संकरित गाय पहिल्या दोन धारांत वासराच्या गरजेहून जास्त चीक देते. प्रश्न आधी कोणाला आणि किती तासांत, एवढाच आहे. या लेखाचा विषय गाभण गाईला टोचायची एक लस हा आहे. पण ही लस वासरापर्यंत पोचते ती याच चिकातून, म्हणून सुरुवात खरवसाच्या पातेल्यापासून केली.

गर्भवती बाईला धनुर्वाताची लस देतात ती तिच्यासाठी असते तशीच पोटातल्या बाळासाठीही असते. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ ती घेऊनच जन्माला येतं. गाईचं तसं नाही. तिच्या वारेत आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर असतात की प्रतिपिंडासारखा मोठा रेणू पलीकडे जाऊच शकत नाही. म्हैस, शेळी, मेंढी, घोडी यांचंही तेच. वासरू जमिनीवर पडतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. ही उणीव भरून निघते कासेत. व्यायच्या आधीच्या महिना-सव्वा महिन्यात गाईच्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत ओढली जाऊन साठायला लागतात. इकडे वासराच्या आतड्याची तयारीही वेगळी असते. जन्मल्यावर काही तास ते हे मोठे रेणू न पचवता अख्खेच्या अख्खे रक्तात घेतं. पहिल्या सहा तासांत हे शोषण उत्तम होतं, बारा तासांत बरंच मंदावतं आणि चोवीस तास उलटले की जवळजवळ थांबतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी रक्तात काही जात नाही. आतड्याला आतून थोडा आधार मिळतो, इतकंच.

आणि नेमकं याच दिवसांत शेणातून, चिखलातून, न धुतलेल्या सडावरून एक जंतू त्याच्या तोंडात जातो. ई. कोलाय. म्युनिकच्या थिओडोर एशेरिख यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो पाहिला. तुमच्याआमच्या आतड्यात तो असतोच आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. वासरांना मारणारा प्रकार वेगळा. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात. ते आतड्याच्या पेशींना घट्ट चिकटतात, म्हणून पाण्याच्या लोंढ्यातही तो वाहून जात नाही. या धाग्यांना के-९९ म्हणतात, नव्या नामावलीत एफ-५. चिकटून बसलं की जंतू एक विष सोडतो. ते पेशींना मारत नाही. आतडं सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्यापैकी शाबूत दिसतं. पण शरीरातलं पाणी आत शोषून घेणाऱ्या पेशी उलट ते बाहेर टाकायला लागतात. गोठ्यात याला पांढरी हगवण म्हणतात. सकाळी उड्या मारणारं वासरू संध्याकाळी मान टाकतं. डोळे खोल जातात, तोंड आतून थंड लागतं, बोट तोंडात घातलं तरी चोखत नाही, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. पस्तीस किलोच्या वासराच्या अंगातलं साडेतीन लिटर पाणी गेलं म्हणजे दहा टक्के वजन गेलं. मरण येतं ते पाणी आणि क्षार गेल्याने आणि रक्त आंबट झाल्याने. जंतू शरीरभर पसरलेलाच असतो असं नाही.

या वर्णनावरून कॉलरा आठवत असेल, तर ते बरोबरच आहे. आणि हे कोडं सुटलं त्यात कोलकात्याचा हात आहे. डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांनी बांधून त्यात जंतू सोडायचे आणि तो पाण्याने फुगतो का ते पाहायचं, अशी साधी रीत १९५०च्या दशकात बसवली. १९५९ मध्ये त्यांनी तिच्या आधारे कॉलऱ्याच्या जंतूचं विष दाखवलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी, १९५६ मध्ये, अतिसाराच्या रुग्णांकडून मिळालेले ई. कोलायचे काही वाणही आतडं तसंच फुगवतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. तो निबंध बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. पुढे १९६७ मध्ये इंग्लंडात हर्बर्ट विल्यम्स स्मिथ आणि शीला हॉल्स यांनी हीच बांधलेल्या आतड्याची रीत डुकराची पिल्लं, कोकरं आणि वासरं यांच्यावर वापरली. १९७२ साली त्याच स्मिथ यांनी मार्गारेट लिंगूड यांच्यासोबत वासरा-कोकरांतल्या रोगकारक वाणांवर एक समान घटक ओळखला. तोच नंतरचा के-९९.

चिकाचं मोल शास्त्राच्या कसोटीवर मांडलं गेलं ते याच्या कितीतरी आधी. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या माणसाने १८९३ साली गोचीड चावल्याने गुरांचा ताप पसरतो हे सिद्ध करून नाव कमावलं होतं. १९२२ मध्ये त्यांनी आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक दिला, काहींना दिला नाही. चीक मिळालेली जगली. न मिळालेल्यांपैकी बहुतेक काही दिवसांत मेली, आणि मेलेल्यांच्या अवयवांत कोलाय जंतू सापडले. शंभर वर्षं झाली या प्रयोगाला. तरी आजही गोठ्यात वासरू मेलं की पहिला संशय हवेवर, दुसरा नजर लागण्यावर, आणि चीक कधी पाजला हा प्रश्न शेवटी.

वासरालाच लस का टोचत नाहीत? कारण वेळ नाही. लस दिल्यावर शरीराला प्रतिपिंडं बनवायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि के-९९चा हल्ला होतो पहिल्या चार दिवसांत. (त्यानंतर आतड्याच्या पेशींवरची ज्या जागी हे धागे चिकटतात ती साखरेची रचना कमी होत जाते, म्हणून दहा दिवसांच्या वासराला हगवण लागली तर के-९९वर बोट ठेवू नये.) तेव्हा लस टोचायची ती आईला, तीही अशा बेताने की तिच्या रक्तात प्रतिपिंडं भरात आलेली असताना कास ती ओढायला लागलेली असेल. १९७०च्या दशकात हे आधी डुकरिणींवर करून पाहिलं गेलं, मग गाईंवर. कॅनडातल्या सस्काटून इथे १९७५ साली पशुरोगांसाठी एक स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. तिथे स्टीफन एकर्स, लॉर्न बाबियुक आणि सहकाऱ्यांनी गाभण गाईंना के-९९ टोचून त्यांच्या वासरांना मुद्दाम जंतू पाजले. १९७९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: लसवंत आयांची वासरं तरली. या संस्थेने पुढे बाजारात आणलेली लस या रोगावरच्या जगातल्या पहिल्या लशींपैकी एक मानली जाते.

सस्काटूनला हे का सुचलं, ते तिथली हवा पाहिली की कळतं. तिथले मांसासाठी गुरं पाळणारे लोक वर्षाची सगळी वितं फेब्रुवारी ते एप्रिल अशी एका हंगामात घेतात. बाहेर बर्फ, आत वाड्यात शेकडो गाई, रोज दहा-वीस वासरं. आधी जन्मलेल्या वासरांच्या शेणातला जंतू मागून येणाऱ्यांना लागतो आणि हंगामाच्या शेवटी जन्मणारी पटापट मरतात.

शेजारच्या अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या चार्ल्स मेबस यांनी १९६९ मध्ये हगवणीच्या वासरांत एक विषाणू शोधला, तो रोटाव्हायरस. माणसाच्या बाळांत तो मेलबर्नच्या रूथ बिशप यांना १९७३ साली दिसला, म्हणजे वासरांनंतर चार वर्षांनी. हगवण एकट्या के-९९ची नसते, म्हणून आजच्या बहुतेक लशींत तीन घटक एकत्र असतात: के-९९, रोटा आणि कोरोना. (कोरोना म्हणजे वासरांचा; २०२०च्या साथीशी त्याचा संबंध नाही.) रोटासाठी आधी वासराच्या तोंडात लशीचे डोस घालून पाहिले होते. चिकातल्या प्रतिपिंडांनी लशीतलाच विषाणू अडवला आणि शेतावर तिचा फारसा उपयोग दिसला नाही. तिथूनही वाट पुन्हा गाभण गाईकडेच वळली.

इथे एक आडवाट घ्यायलाच हवी. गुरांचा रोटाव्हायरस माणसाच्या बाळाला फारसा बाधत नाही, या गोष्टीचा फायदा घेऊन माणसांच्या लशी बनल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस गाईच्या रोटाव्हायरसच्या सांगाड्यावर माणसांच्या वाणांची प्रथिनं बसवून केलेली आहे. २०१८ साली तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. म्हणजे आज महाराष्ट्रातल्या लाखो बाळांच्या तोंडात जे थेंब पडतात, त्यांच्या वंशावळीत एक गाय आहे. उलट दिशेने मात्र ही विद्या आपल्या गोठ्यात फारशी आलेली नाही.

ती का आली नाही, याला केवळ अज्ञान हे उत्तर पुरत नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. सरकारी लसीकरणाचं पहिलं लक्ष साथीच्या रोगांवर असतं आणि असायलाही हवं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी आहे. घटसर्प, फऱ्या हे पावसाळ्याआधी ठरलेले. २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली आणि सगळी यंत्रणा तिकडे धावली. हगवणीची साथ जाहीर होत नाही. एका गोठ्यात एक वासरू मरतं, दुसऱ्या गावात दुसरं. त्याची नोंद कुठेच होत नाही आणि त्याला विमाही नसतो.

दुसरी अडचण लशीच्या घडणीत आहे. ज्या कळपांसाठी ती बनली तिथे दोनशे गाई एकाच महिन्यात व्यायच्या असतात. बाटली फोडली, सगळ्यांना टोचली, संपलं. आपल्याकडे एका गोठ्यात तीन गाई आणि एक म्हैस. एक कार्तिकात व्याली, दुसरी माघात, म्हैस श्रावणात. अनेक डोसांची बाटली एका गाईसाठी फोडायची आणि उरलेली फेकायची, हे कोणालाच परवडत नाही. गावातल्या चार-सहा गोठ्यांनी मिळून, दूध संस्थेच्या डॉक्टरमार्फत, तारखा जुळवून घेतल्या तर जमेल. पण तारखा कोणाकडे असतात? लशीनुसार वेळापत्रक बदलतं. काही लशींना एकच डोस पुरतो आणि तो व्यायच्या आधी बारा ते तीन आठवड्यांत द्यायचा असतो. काहींना पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, दुसरा व्यायच्या काही आठवडे आधी. दोन्हींत रेतनाची तारीख माहीत असणं गृहीत आहे. गाय साधारण २८० दिवसांनी व्यायते, म्हैस ३१० दिवसांनी. कानात बारा आकडी बिल्ला असतो आणि त्यावर रेतनाची नोंद चढवायची सोयही आहे. तरी बऱ्याच गोठ्यांत गाय कधी भरवली याचं उत्तर ‘पोळ्याच्या आगेमागे’ असं मिळतं. पोळ्याच्या आगेमागे म्हणजे महिनाभराचा फरक. लस एक महिना लवकर टोचली तर चिकात भर कमी पडते, उशिरा टोचली तर गाय व्याली तरी प्रतिपिंडं तयार नसतात.

तिसरी अडचण जुनी आहे आणि ती लशीच्याही आधीची आहे. वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, पाजायचा नाही, असं गोठ्यागोठ्यांत मानतात. चीक आधी काढला तर वार अडकते, असं त्यामागचं म्हणणं. प्रत्यक्षात उलट आहे: वासरू चोखायला लागलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने पान्हा सुटतो आणि गर्भाशयही आकसतं. वार पडायला सहा-आठ तास लागले, तर तेवढ्यात वासराच्या आतड्याचे सर्वात चांगले तास गेले. रात्री दीडला गाय व्याली आणि सकाळी आठला वार पडल्यावर पाजलं, तर आईला दिलेल्या लशीचा बराचसा फायदा वासरापर्यंत पोचतच नाही. गाभण गाईच्या लशीची खरी किंमत त्या पहिल्या दोन तासांतल्या चिकाएवढीच असते. त्याच्यापुढे मला सगळे वाद गौण वाटतात.

किती पाजायचा? वासराच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, त्यातला निम्म्याहून जास्त पहिल्या दोन तासांत आणि उरलेला बारा तासांच्या आत. पण लिटर मोजून भागत नाही, दाटपणाही हवा. चिकाच्या लिटरमध्ये निदान ५० ग्रॅम प्रतिपिंडं असावीत असा संकेत आहे, आणि ते मोजायचं साधन महाराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांच्या खिशात आधीच आहे. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार मण्याची गोडी पाहायला जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, ऊसवाला तोडणीआधी कांड्याच्या रसाचा ब्रिक्स ज्याच्यावर पाहतो, त्याच काचेवर चिकाचा थेंब टाका आणि उजेडाकडे धरा. २२ किंवा जास्त ब्रिक्स आला तर चीक उत्तम. त्याहून बराच कमी असेल तर जास्त पाजावा लागेल, किंवा शेजाऱ्याच्या जुन्या गाईचा साठवलेला चीक आणावा लागेल. पहिलारू कालवडीपेक्षा तीन-चार वितं झालेल्या गाईचा चीक साधारणपणे सरस असतो. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बाटलीत तो वर्षभर राहतो. फक्त उकळत्या पाण्यात नाही, कोमट पाण्यात वितळवायचा. मला विचाराल तर द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक दूध संस्थेने एक ब्रिक्स मीटर संकलन केंद्रावर ठेवलं पाहिजे. खर्च नगण्य आहे.

नर वासरांबद्दल बोलायला लोक कचरतात. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ सुरू केली. पुढे संकरित गाई गावोगाव गेल्या आणि दूध वाढलं. पण शेतात ट्रॅक्टर आला आणि संकरित गोऱ्ह्याला काम उरलं नाही. २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर त्याला बाजारही उरला नाही. मग त्याला चीक किती मिळतो, हे सांगायला नको. कालवडीला पोटभर, गोऱ्ह्याला थोडा, म्हशीच्या रेडकूला त्याहून थोडा. त्यातही म्हशीचा हिशेब वेगळा आहे: रेडकू मेलं की बऱ्याच म्हशी पान्हा सोडत नाहीत, दूध आटतं, आणि मग चोरून ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं सुरू होतात. उपाशी गोऱ्ह्याची हगवण त्याच्यापाशी थांबत नाही. शेजारी बांधलेल्या कालवडीच्या तोंडात तोच जंतू जातो. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या घरात निदान एवढा हिशेब कळायला हवा. लिंगवर्गीकृत रेतमात्रांमुळे गोऱ्हे कमी जन्मतील, पण जे जन्मतील त्यांचं पोट तसंच राहील.

आणि हगवण लागलीच तर? इथेही आपल्याच मातीतला एक धडा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे हजारो रोगी वाचवले. विषाने आतडं पाणी टाकत असलं तरी ग्लुकोज आणि मीठ एकत्र दिलं की ते पाणी आत घेतं, हे त्यामागचं गमक. वासराचं आतडंही तसंच वागतं. पहिल्या पातळ शेणाबरोबर क्षार-ग्लुकोजचं पाणी सुरू करा, दिवसाला दोन-चार लिटर, आणि दूध तोडू नका. आलटून पालटून दोन्ही द्या. चोखत नसेल, उभं राहत नसेल, तर तोंडावाटे द्यायची वेळ गेली. शिरेतून सलाईन आणि सोडा लागतो, तो पशुवैद्यकाकडूनच. प्रत्यक्षात मात्र पहिलं मागणं असतं ते इंजेक्शनचं. रोटा, कोरोना किंवा क्रिप्टोस्पोरिडियम (हा एक परजीवी) यांच्या हगवणीवर प्रतिजैविक चालत नाही, आणि जिथे चालू शकतं तिथे उठसूट वापरून आपण त्याची धार घालवत आहोत. क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही लागतो, तेव्हा हगवणीच्या वासराला हात लावल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत, आणि लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवायला हवं.

लस टोचून सगळी हगवण थांबेल असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या चार दिवसांतली हगवण बऱ्याचदा के-९९ची. पाच ते पंधरा दिवसांतली रोटा, कोरोना, क्रिप्टोची. तीन आठवड्यांपुढे रक्त आलं तर कॉक्सिडिया. म्हशीच्या रेडकूत जंताचा मोठा वाटा, कारण आईच्या दुधातूनच गोल जंताच्या अळ्या त्याच्या पोटात जातात. लस यांतल्या काहींवरच लागू पडते. नेब्रास्कात २०००च्या सुमारास विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी मोठ्या कळपांवर एक वेगळाच उपाय बसवला. व्यालेल्या गाई-वासरांना जागेवर ठेवायचं आणि न व्यालेल्या गाईंना दर आठवड्याला नव्या, कोऱ्या कुरणात हलवायचं. एका वयाची वासरं एका जागी. हगवणीने होणारी मरतूक त्याने जवळजवळ संपली, आणि त्यात एकही सुई नव्हती. आपल्याकडे कुरण नाही, पण वासरं बांधायचा कोपरा बदलता येतो, कोरडा ठेवता येतो, चुना मारता येतो, उन्हात आणता येतो.

तर माझं मत असं. दोन-चार जनावरांच्या घरगुती गोठ्यात या लशीसाठी आटापिटा करण्याआधी चीक दोन तासांत पाजला जातो का, नाळेला टिंक्चर आयोडीन लागतं का, वासरू कोरड्यात बांधलं जातं का, हे पाहा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यात काम होतं. पण बारामती, संगमनेर, कोल्हापूर या पट्ट्यांत आता पन्नास-शंभर गाईंचे मुक्त गोठे उभे राहत आहेत. तिथे वितं सतत चालू असतात आणि जंतूला रोज नवं वासरू मिळतं. अशा गोठ्यात पहिल्या आठवड्यात वासरं मरत असतील, तर दोन-तीन आजारी वासरांचं ताजं शेण, औषध सुरू करण्याआधी, पशुवैद्यकामार्फत पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवा. के-९९ किंवा रोटा निघाला तर गाभण गाईंना लस द्यायला हवी. तिथे ती खर्च नाही, बचत आहे. दूध संघांनीही अशा गोठ्यांसाठी एकत्र खरेदी केली तर बाटली वाया जाण्याचा प्रश्न उरत नाही.

आणि गाभण गाईच्या रेतनाची तारीख तुमच्याकडे लिहिलेली नसेल, तर ज्याने रेतन केलं त्याला आजच फोन करून ती विचारून घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. गाय कधी आटवायची, लस कधी टोचायची, रात्री कोणत्या आठवड्यात जागायचं, हे सगळं त्या एका तारखेवरून ठरतं.